यू म्हणजे उलट, पण मराठीत ह

दुसऱ्याची चूक मला लांबून दिसते. दुकानाच्या पाटीवर 'मीळेल' असं लिहिलेलं असलं की माझी स्कूटर आपोआप हळू होते. लग्नाची पत्रिका हातात आली की आधी ऱ्हस्व-दीर्घ, मग नवरा-नवरी. एका मावशीनं तर तिच्या मुलीची पत्रिका मला दाखवायचीच नाही असं ठरवलं होतं, आणि ती छापून आल्यावर मी काही बोलले नाही, नुसती पाहत राहिले, तर ती म्हणाली, "बघ, बघ, कुठं खोट हाय ते बघ." खोट होती. तीन ठिकाणी होती. मी गप्प बसून जेवले.

सांगायचं ते हे की, मजकूर तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे आणि माझा स्वभावही तोच आहे. दोन्ही एकाच गोष्टीवर चालतात हे नशीब थोड्यांना मिळतं. मी ते मिळवलं होतं. त्यामुळे ते हातचं जातंय असं दिसलं तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल, याची कल्पना यावी म्हणून एवढं आधी सांगितलं.

आमचं ऑफिस शहरातल्या औरंगपुऱ्यात, कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर. जिना इतका अरुंद की वरून कुणी उतरत असेल तर खालच्यानं थांबायचं. शाळेतल्या मुलांच्या स्वाध्यायपुस्तिका आम्ही तयार करतो. माणसं चारच: मालक, चित्रं आणि मांडणी करणारे एक गृहस्थ, कॉम्प्युटर सांभाळणारी माझी सहकारी, आणि मी. मराठी टायपिंगची परीक्षा पास होऊन मी इथं नुसती टाइप करायला आले होते. टाइप करता करता लेखकांच्या चुका दुरुस्त करायला लागले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. पुढं तेच माझं काम झालं.

मग एक दिवस मालकांनी आम्हाला जमवून सांगितलं की सगळ्या पुस्तिकांचा मजकूर आता आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरात राहणार नाही, लांब कुठल्या तरी मोठ्या कॉम्प्युटरवर राहणार, आणि आपण इथून त्याच्यात शिरून दुरुस्त्या करायच्या. ते स्वस्त पडतं, सुरक्षित पडतं, वगैरे. आमचे मालक फार गोड बोलतात. वाईट बातमीसुद्धा ते पेढा दिल्यासारखी देतात. मीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर काळा पडदा आला. वर मेन्यू नाही, चित्रं नाहीत, माऊस हलवला तर काहीच होत नाही. काळ्यावर पांढरा आमचा धडा, जोडाक्षरं जरा फाटलेली, वेलांट्या मात्र जागेवर. मी नेहमीसारखी चुकीच्या शब्दापाशी जाऊन टाइप करायला लागले, तर अक्षर उमटायच्या ऐवजी एक ओळ गायब झाली. मग कर्सर उडी मारून भलतीकडे गेला. मग टुंग असा आवाज आला. मी हात मांडीवर ठेवून बसले. बंद कसं करायचं तेही कळेना. आलेल्या पाहुण्याला दाराची कडी सापडू नये, तसं झालं.

माझी सहकारी शेजारच्याच टेबलावर बसते. वयानं माझ्याहून थोडी लहान, छावणी भागात राहते, बोलताना अर्धं मराठी आणि अर्धं दखनी. तिनं खुर्ची सरकवून पाहिलं आणि म्हणाली, "ताई, तुम अभी हुकुम में हो, लिखाई में नहीं."

मग तिनं समजावून सांगितलं. या एडिटरला, म्हणजे समोरच्या लिहायच्या प्रोग्रामला, दोन अवस्था आहेत. एकीत प्रत्येक बटण म्हणजे हुकूम: इकडं जा, हे काढ, ते वाचव. दुसरीत बटण म्हणजे अक्षर. उघडला की तो हुकमातच असतो. लिहायचं असेल तर आधी त्याला तसं सांगावं लागतं, आणि लिहून झालं की एस्केप दाबून पुन्हा हुकमात यावं लागतं. मी विचारलं, हे असं उलटं कुणी बनवलं? ती म्हणाली, "बनवणाऱ्याला टायपिंग येत असंल, माऊस नव्हता."

पण शिकवायला ती फार हुशार. इंग्रजी शब्द मला देतच नव्हती. म्हणायची, आय म्हणजे आत, कर्सर आहे तिथंच आत शिरायचं. ए म्हणजे अंमळ पुढं, एक अक्षर सोडून लिहायचं. ओ म्हणजे ओळ, खाली नवी ओळ उघडायची. एक्स तर फुलीच आहे, ते अक्षर खोडायचं. डी दोनदा म्हणजे अख्खी ओळ दफा. डब्ल्यू म्हणजे वाचव. आणि यू म्हणजे उलट, जे केलं ते मागं घ्यायचं. "यू लई कामाचा," ती म्हणाली. "घाबरलात का यू."

मी खूष झाले. आत, अंमळ, ओळ, फुली, दफा, वाचव, उलट. हे तर आपलंच. संध्याकाळी घरी जाताना स्कूटरवर पुटपुटत गेले. मला वाटलं, आठवड्यात येईल. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो म्हणतात. मी स्वतःला शहाणी समजत होते.

जे झालं ते असं. आमच्या चौथीच्या पुस्तिकेत एक गोष्ट होती. एका घरातला म्हातारा कुत्रा मरतो. शेवटचं वाक्य होतं, 'त्या दिवशी घरात कुणीही जेवले नाही.' त्या परिच्छेदात मी एक शब्द दुरुस्त केला, बाणाच्या बटणानं शेवटाला गेले आणि लगेच मला वाटलं की आधीचाच बरोबर होता. घाबरले. घाबरलात का यू. मी यू दाबला. खात्री म्हणून पुन्हा दाबला. आणखी दोनचारदा दाबला. डोळे माझे की-बोर्डवर, कारण ते बटण शोधूनच दाबावं लागत होतं. मग सहकारीला म्हणाले, झालं. ती जेवायला निघाली होती. तिनं उभ्याउभ्याच वाकून एस्केप दाबलं, फाइल वाचवली, आणि दुपारी ती पुस्तिका संकलन करणाऱ्या बाईंकडे तपासायला गेली.

या बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा शब्द आमच्या ऑफिसात शेवटचा. संध्याकाळी त्यांचा मालकांना फोन आला. मालकांनी तो ऐकून घेतला, मान हलवली, आणि मग आपल्या पडद्यावर ती गोष्ट उघडून मला बोलावलं. तिथं लिहिलं होतं: 'त्या दिवशी घरात कुणीही जेवले नाही. हहहहहह'

बाईंनी विचारलं होतं, "हे कोण हसलं?"

मराठी की-बोर्डवर यूच्या जागी ह असतो. मी हुकमात नव्हतेच, लिखाईत होते. आणि की-बोर्ड मराठीवर. मी चूक मागं घेत होते आणि तो हसत होता. हे मला तेव्हा कळलं. पुढच्या दिवसांत आणखीही कळलं. खालच्या ओळीवर जायला 'जे' हे इंग्रजी अक्षर दाबलं तर रररर. वाचवायचा हुकूम दिला तर छै. अगदी असंच, छै. म्हणजे माझ्या मेहनतीवर त्याचं मतच जणू. आणि हुकमात असले पण भाषा बदलायची राहिली, तर मग काहीच होत नव्हतं. कितीही दाबा, नुसती टुंग टुंग. इंटरनेटवर धडे पाहिले, ढिगानं होते, पण कुणीच हे सांगत नव्हतं, कारण ते सांगणारे सगळे एकाच भाषेत हुकूम देतात आणि त्याच भाषेत लिहितात. मला हुकूम इंग्रजीत द्यायचे होते आणि लिहायचं मराठीत होतं. त्यांना फक्त अवस्थेचा हिशोब ठेवावा लागतो, मला अवस्थेचा आणि भाषेचा, दोहोंचा.

मालकांनी दुसऱ्या दिवशी मला चहाला बोलावलं. म्हणाले, ताई, तुम्ही इतकी वर्षं केलंत, आता जरा आराम. फोन घ्यायला, शाळांशी बोलायला, कुरिअर बघायला आपल्याला तुमच्यासारखं माणूस लागतंच. पगार तोच. महिनाअखेर बाई स्वतः येऊन शेवटच्या पुस्तिकेच्या दुरुस्त्या करून घेणार आहेत, तोवर बघा जमतंय का. नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नका.

मनाला लावून घेऊ नका म्हणजे लावून घ्या. मी चहा तसाच ठेवला. पगार तोच होता, खरं आहे, आणि फोनवर बोलणं काही कमीपणाचं नाही. पण मला मजकुरापासून उठवत होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेत गेलेलं नव्हतं. माझी आजी अक्षरांकडे बघून म्हणायची, ह्या मुंग्या तुला कशा कळतात गं. मला त्या कळायच्या. कुठली मुंगी रांग सोडून चाललीय तेही कळायचं. तेवढंच एक मला नीट येत होतं, आणि त्याच्यातून मला बाजूला करायला एक काळा पडदा पुरला, याचा मला संताप आला. रडूही आलं. रडले मी, जिन्यात. वरून कुणी उतरत नव्हतं, तेवढं बरं.

सहकारीला ते कळलं असावं. ती एवढंच म्हणाली, रविवारी छावणीत या. तिच्या गल्लीत विहाराला लागून मुलांसाठी अभ्यासिका आहे, तिथं ती रविवारी मुलांना कॉम्प्युटर शिकवते. मी गेले. दहावीच्या पोरापोरींच्या मागं, शेवटच्या बाकावर, चष्मा लावून बसले. पोरं आधी मागं वळून वळून बघत होती, मग त्यांना माझी सवय झाली. एका मुलीनं मला विचारलं, तुम्ही परीक्षेला बसणार का? मी म्हटलं, बसलेच आहे बाई.

तिथं एक गोष्ट स्पष्ट झाली. बटणं मला पाठ होती. आत, अंमळ, ओळ सगळं झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं. माझी चूक पाठांतराची नव्हतीच. मी आत्ता कुठल्या अवस्थेत आहे, हेच मला कळत नव्हतं. सहकारी म्हणायची, खाली डाव्या कोपऱ्यात बघा, लिखाईत असलात की तिथं बारीक पाटी येते. येत होती. पण माझी नजर शब्दावर. वर्षानुवर्षं शब्दावर टेकलेली नजर कोपऱ्यात जाईना. ती डोक्याला हात लावायची आणि म्हणायची, "ताई, नक्को जल्दी. पहले देखो कहाँ हो." मी बघायची आणि दोन शब्दांनी विसरायची.

पुढच्या रविवारी मी छावणीला गेले नाही. कंटाळले होते. लासूर स्टेशनला गेले, तिथून आमचं गाव जवळ. भाऊ मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमालीवर असतो, तो घरी नव्हता. आबा, म्हणजे माझे वडील, शिवारात होते. मेंढरं आता पूर्वीइतकी नाहीत, थोडी ठेवलीत. भाऊ म्हणतो विका, आबा म्हणतात मी मेल्यावर वीक. काढणी झालेल्या रानात मेंढरं चरत होती आणि आबा बांधावर बसले होते. मी शेजारी बसले. त्यांनी विचारलं, काय माय, एकाएकी आली. मी म्हटलं, सहज.

मग ते बोलायला लागले. भावाची तब्येत, कुणाची सोयरीक, कुणी विहीर खोदली. बोलता बोलता त्यांचं लक्ष मेंढरांकडे. दोन मेंढरं शेजारच्या कपाशीकडे सरकली. आबा सोयरिकीच्या मधल्याच वाक्यात थांबले, टाळूला जीभ लावून एक टच् केलं, मग हुर्र केलं, मेंढरं वळली, आणि आबांनी वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच उचललं. "...तर त्यो पोरगा काय करतो मनलं, तर रिक्षा चालवतो."

हे मी लहानपणापासून हजारदा पाहिलेलं. त्या दिवशी मात्र पाहिलं. पुन्हा झालं तेव्हा मी नीट लक्ष ठेवलं. दर वेळी हुर्रच्या आधी टच्. कधी चुकत नव्हतं. मी विचारलं, आबा, ते आधी टच् कशाला करता? नुसतं हुर्र केलं तर वळत नाहीत का?

आबांना प्रश्नच कळला नाही. मग जरा चिडून म्हणाले, "आगं, म्या तुझ्यासंगं बोलू राह्यलो. त्येंला कसं कळावं आता त्येंच्यासंगं बोलतो म्हून?"

मी म्हटलं, व्हय. आणि गप्प बसले. आबांना वाटलं मी रुसले. त्यांनी मला पिशवीतली भाकर काढून दिली. मी ती खात होते, पण डोकं ऑफिसात होतं. बोलणं थांबलं, ही खूण आधी स्वतःला द्यायची. मग भाषा बदलायची. मग हुकूम. मी ती खूण देतच नव्हते. बोलता बोलताच हुर्र करत होते आणि मेंढरं कपाशीत जात होती.

सोमवारपासून मी तेच सुरू केलं. लिहून झालं की तोंडानं टच्. टच् केलं की बोट एस्केपवर, मग भाषेच्या बटणावर, की-बोर्ड इंग्रजी. मग हुकूम. लिहायला परत जायचं तर आधी आय किंवा ए, मग भाषेचं बटण, मग मराठी. कोपऱ्यातली पाटी बघायची गरजच उरली नाही. शब्दावरची नजर शब्दावरच राहिली, जीभ तेवढी कामाला लागली.

पहिला त्रास सहकारीला झाला. टच् ऐकू आलं की ती वळून बघायची. दुपारपर्यंत तिनं सहन केलं, मग म्हणाली, "मेरेकू बुलाए क्या ताई? सुबह से बुला रहे." मी तिला सांगितलं. ती इतकी हसली की चित्रवाले गृहस्थ आपल्या खोलीतून बाहेर आले. पण मग ती गंभीर झाली आणि माझ्या खुर्चीमागं उभी राहून माझं काम बघत राहिली. एकही ह उमटला नाही. ती म्हणाली, करा, जोरात करा, मी कान बंद ठेवते.

नंतरचे दिवस बरे गेले. खरं तर चांगले गेले, बरे म्हणणं कंजूषपणा होईल. हात सुटले. माऊस शोधायला उठणारा उजवा हात आता उठतच नव्हता. नुसती वेलांटी काढता येत नाही, अक्षरासकट उखडावी लागते आणि अक्षर पुन्हा लावावं लागतं, हेही अंगवळणी पडलं. एखादी ओळ दोन बटणांत दफा व्हायची तेव्हा मला गुन्हेगारी आनंद व्हायचा. लांबलचक, नटवी वाक्यं लिहिणारे एक लेखक आहेत आमचे, त्यांच्या धड्यावर तर मी जवळजवळ सण साजरा केला. टच् हळूहळू बारीक झालं, ओठांच्या आत गेलं. पण गेलं नाही. अजूनही आहे.

महिनाअखेरीस बाई आल्या. जिना चढून दमल्या होत्या, पाणी प्यायल्या, आणि सरळ माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या. पांढरी साडी, हातात छापलेली पानं, त्यावर लाल शाई. मालक आमच्या मागं उभे राहिले. बसायला दुसरी खुर्ची होती, पण ते उभेच राहिले. 

बाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं की त्या दिवशी हसलात त्या तुम्हीच का. मी म्हटलं, मीच. त्या म्हणाल्या, बरं, चला.

त्या सांगत गेल्या आणि मी करत गेले. इथं स्वल्पविराम. 'परंतू' नको, 'परंतु'. हे वाक्य खालच्या ओळीला घ्या. इथं एक नवा प्रश्न घाला. बाई वेगात सांगत होत्या, शाळेत फळ्यावर सांगतात तशा, आणि माझे हात त्यांच्या मागं जात होते. एकदोन ठिकाणी त्या सांगायच्या आधीच मी चूक धरली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि लाल शाईची ती खूण न वाचताच पुढं गेल्या.

मग सहावा प्रश्न आला. त्याचा आकडा राहिला होता. मी सहा दाबला. उमटला नाही, कारण मी हुकमात होते. बाईंच्या वेगात आय राहूनच गेला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, असू दे, ही ओळच काढा, पुनरुक्ती आहे. मी डी दोनदा दाबलं. ओळ दफा व्हायला हवी होती. पण आधीचा सहा त्यानं ऐकून ठेवला होता. सहा ओळी दफा झाल्या. उरलेला अख्खा स्वाध्याय पडद्यावरून गेला.

बाईंचा हात छातीवर गेला. मागून मालकांनी, "ताई—" एवढंच म्हटलं, आणि पेढा देताना असतो तो आवाज यात नव्हता. सहकारी उठून उभी राहिली होती, मला कडेला तिची ओढणी दिसली. पूर्वीची मी असते तर त्या क्षणी न बघता यू, यू, यू केलं असतं आणि बाईंच्या आधीच्या दुरुस्त्याही उलटल्या असत्या. माझी जीभ टाळूला लागली. टच्. मोठ्यानं झालं ते, सगळ्यांना ऐकू गेलं. एस्केप दाबलं. भाषा बघितली, इंग्रजी होती. मग एकदाच यू दाबला.

सहाच्या सहा ओळी आल्या. आकड्याविना, जशा होत्या तशा. मी पुनरुक्तीची तेवढी ओळ काढली, आय दाबून मराठीत गेले, तिच्या जागी आलेल्या प्रश्नाला सहा आकडा दिला, परत आले आणि बाईंना विचारलं, पुढं?

बाई पडद्याकडे वाकल्या. मग त्यांनी विचारलं, हे परत कसं आणलंत? मी म्हटलं, यू म्हणजे उलट. त्यांना ते फार आवडलं. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. मग उरलेली पानं आम्ही पुरी केली. मध्ये चहा आला तो मी प्यायले. मालक कधी तरी जाऊन आपल्या टेबलाशी बसले होते.

शेवटचं पान श्रेयांचं होतं. संकलन, चित्रं, मांडणी, अशा ओळी आणि पुढं नावं. बाईंनी ते वाचलं आणि लाल पेन टेबलावर ठेवलं. "यात मुद्रितशोधन कुठंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते आपण घालत नाही. त्यांनी मागं वळून मालकांना विचारलं की पुढच्या इयत्तांच्या पुस्तिका कोण तपासणार आहे. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ताईच. म्हणताना त्यांना जरा जड गेलं, पण म्हणाले, आणि मग आणखी एकदा, नीट, म्हणाले, "ताईच तपासणार."

"मग घाला नाव," बाई मला म्हणाल्या.

मी एवढ्या वर्षांत दुसऱ्यांची किती नावं दुरुस्त केली असतील. माझं स्वतःचं कधी टाइप केलं नव्हतं, पुस्तकात तर नाहीच. शेवटच्या ओळीखाली नवी ओळ उघडली. भाषा बदलली. मुद्रितशोधन लिहिलं, पुढं माझं नाव, आबांचं नाव, आडनाव. बोटं चुकली नाहीत. काळ्या पडद्यावर ते उगाच फार मोठं दिसत होतं.

बाईंनी ते मोठ्यानं वाचलं. आडनावाशी थांबल्या. बोट पडद्यावर टेकवून म्हणाल्या, ही वेलांटी दीर्घ हवी ना, नियमानं?

नियमानं हवी. दुसऱ्या कुणाच्या मजकुरात असती तर मी लांबून पकडली असती आणि लेखकाला चार शब्द सुनावले असते. पण आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी ज्या दिवशी आमचं आडनाव पहिल्यांदा कागदावर लिहिलं, त्या दिवशी ते ऱ्हस्व लिहिलं. त्याआधी ते कुणी लिहिलंच नव्हतं.

"नाही बाई," मी म्हटलं. "आमच्यात ऱ्हस्वच आहे."

बाईंनी बोट काढून घेतलं. मी एस्केप दाबलं, भाषा बदलली आणि नाव वाचवलं.